तीन माणसं पुढे होती

दादा, इशाने तुझ्यासाठी एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं आहे. महिन्याच्या श्राद्धाला जे येतील त्यांच्या हातात द्यायची. डेपोतल्या तुझ्या सोबत्यांचे चार लेख आले आहेत आणि चारही लेखांत 'वेळेचा पक्का माणूस' हे शब्द आहेत. घरातलं कुणी म्हणून मी लिहायचं, कारण जी ग्रंथालयात नोकरी करते तिला लिहिताही येत असणार, असा आपल्या घरात समज आहे. "आत्या, दोनच पानं हां," असं इशाने बजावलंय. तुझीच मुलगी.

मला त्या पानांत तुझा सूड घ्यायचा आहे. आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांची फसवणूक नको. सहा वर्षं मी हे तुला तोंडावर सांगत आले आणि सहा वर्षं तू ते हसण्यावारी नेलंस. आता तुला उत्तर देता येणार नाही. याचा मला जितका आनंद व्हायला हवा होता तितका होत नाहीये, त्याचाही राग तुझ्यावरच आहे.

ज्यांना तू फक्त डेपोत माहीत होतास त्यांच्यासाठी थोडं लिहायला हवं. एसटीत तू वाहतूक नियंत्रक होतास. कळवणची गाडी किती वाजता सुटेल, नामपूरला किती वाजता लागेल, मध्ये ड्रायव्हरला चहाला किती मिनिटं मिळतील, यात तुझी तीस वर्षं गेली. नोकरीत वापरून जे कौशल्य उरायचं ते तू आमच्यावर वापरायचास. दिवाळीची सुट्टी दोन आठवड्यांवर आली की जेवणाच्या टेबलावर जुन्या वेळापत्रकांचे पाठकोरे कागद पसरायचे. त्यावर पट्टीने रकाने. आगमन, प्रस्थान, थांबा आणि शेवटी शेरा. बाकीच्या घरांत सुट्टीत कुठे जायचं यावरून वाद होतात. आपल्याकडे कुठे हे पक्कं असायचं, कुठला तरी पार्क, पाळण्यांचा किंवा पाण्याचा. वाद व्हायचा तो तिथे किती वेळ थांबायचं यावरून.

"बाबा, पाण्यात दीडच तास?" इशा तेव्हा दहा वर्षांची होती.

"दीड तास पुष्कळ झाला. कपडे बदलायला वीस मिनिटं वेगळी धरलीत मी."

"आणि मला अजून खेळायचं असलं तर?"

"तर पुढच्या वर्षी."

"अहो, आणि जेवायला पंचवीस मिनिटं?" स्वयंपाकघरातून वहिनी. "घास मोजून घ्यायचे का आता?"

"डबा घरून नेतोय ना आपण? डबा उघडायला किती वेळ लागतो?"

माणसं पाच. तू, वहिनी, इशा, आप्पा आणि मी. पाच माणसांसाठी तू तालुक्याच्या गाड्या सोडाव्यात तसा कागद करायचास. तो फ्रिजवर लागायचा, त्याची एक घडी तुझ्या खिशात असायची. पार्कात एखाद्या पाळण्याची वेळ संपली, की कंडक्टर दोनदा घंटी मारतो तशा तू दोन टाळ्या वाजवायचास आणि ओरडायचास, "डबल बेल!" आजूबाजूची माणसं वळून बघायची. इशा मोठी झाल्यावर तिला याची लाज वाटायला लागली. मला पहिल्यापासूनच वाटायची.

त्या कागदावर माझी ओळ दर वर्षी तीच असायची. 'आप्पा, नंदा: सामान.' आई गेल्यावर आप्पा नामपूरचं घर बंद करून तुझ्याकडे आले, तेव्हापासून आम्ही दोघं फाटकाजवळच्या एखाद्या बाकावर पिशव्यांना पहारा देत बसायचो. मी वाचायचे. एका पार्कात मी एक अख्खं चरित्र संपवलं होतं. आप्पा शेंगा सोलायचे आणि समोरचे पाळणे बघायचे. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस, त्यामुळे नुसतं बघणं त्यांना जमायचं नाही. "ती निळी गाडी एका फेरीत तीनदा उलटी होते गं. पण पोरं रडतात ती उतरल्यावर," असं काहीतरी ते सांगायचे. मी 'हो का' म्हणून पान उलटायचे.

तुला वाटायचं आम्हाला हेच आवडतं. "नंदीला पुस्तक दिलं की तिचं झालं," हे तू माझ्यासमोर, माझ्यामागे, सगळ्यांना सांगायचास. कुणी मला विचारलं नाही हे खरं, आणि मीही कधी तोंड उघडलं नाही. पण आप्पांनी उघडलं होतं. एकदाच.

आपण घाट उतरत होतो. गाडी भाड्याची, आप्पा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी. ते म्हणाले, "इशाने फोटोत ती झुकझुकगाडी दाखवली होती ना, तळ्याभोवती फिरते ती. म्हाताऱ्यांना बसू देतात का तीत?"

आप्पांनी काही मागितलेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. तू पुढच्या चहाच्या टपरीवर गाडी थांबवायला लावलीस, कागद बॉनेटवर पसरलास आणि सामानाच्या ओळीखाली बारीक अक्षरात नवी ओळ घातलीस. "दोन पस्तीस ते तीन. पंचवीस मिनिटं तुमची, आप्पा. नंदे, तूही बस त्यांच्याबरोबर. सामान मी बघतो." हे तुझ्या बाजूचं आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

अडीचलाच आम्ही रांगेत उभे राहिलो. ऊन होतं, वर पत्र्याची शेड होती. रांग हळू सरकत होती, पण सरकत होती. शेवटी आमच्यापुढे तीन माणसं उरली. मुलीला खांद्यावर घेतलेला एक बाप, ती मुलगी, आणि सारखी फोनवर 'अगं, आलेच' म्हणणारी कॉलेजातली एक पोरगी. गाडी वळणावर दिसायला लागली. आप्पांनी धोतराच्या टोकाने चष्मा पुसला आणि परत घातला. तेवढ्यात कठड्यापलीकडे दोन्ही खांद्यांवर पिशव्या घेतलेला तू आलास.

"आप्पा, तीन वाजले."

"अरे, आली की ती."

"ती रिकामी व्हायला पाच, भरायला पाच, फेरी बारा मिनिटांची. बावीस मिनिटं झाली. पुढचं सगळं कोलमडेल. सव्वाचारला दुसऱ्या पार्कात आत असायला हवं आपण. चला, डबल बेल."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या माणसाला म्हणाले, "व्हा तुम्ही पुढे." आणि दोरीखालून वाकले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघ्यावर हात ठेवून, एवढासा होऊन वाकला. पलीकडे उभं राहून मला म्हणाले, "चल नंदे. त्याचं गणित मोडायला नको."

मी तुला 'थांब' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. काखेत पुस्तक धरून मीही त्याच दोरीखालून वाकले. सूड घ्यायचा तर थोडा माझ्यावरही घ्यायला हवा. पण दोन पानांत तुझंच मावत नाही.

एका दिवसात दोन पार्क, ही तुझी त्या वर्षीची शान होती. सव्वाचारला दोन मिनिटं कमी असताना आपण दुसऱ्या पार्कच्या दारात उतरलो. दार बंद. आत पाळणे दिसत होते, हलत नव्हते. पहारेकरी स्टुलावरून उठलासुद्धा नाही.

"आज बंद हाय साहेब. दुरुस्ती चालूय. फोन नाय केला का?"

तू नव्हता केलास. कुठल्या डेपोत कुठली गाडी नादुरुस्त आहे हे रोज सकाळी फोन करून विचारणारा माणूस तू. आणि आपल्याला आणणारा ड्रायव्हर एव्हाना निघून गेला होता. सहा दहाला ये, असं तूच त्याला सांगितलं होतंस, म्हणून तो जवळच्या गावात मेहुण्याकडे गेला आणि त्याचा फोन लागेना. बंद दारासमोर आपण जवळजवळ दोन तास बसलो. भेळवाल्याने आप्पांना खुर्ची दिली. आणि तू घड्याळ बघून काय म्हणालास आठवतं? "वेळेत निघालो म्हणून बरं. नाहीतर ट्रॅफिकमध्ये सापडलो असतो."

दोन तासांत ती झुकझुकगाडी तळ्याला किती फेऱ्या घालते, हे गणित तू केलं नाहीस. मी केलं. भरणं-उतरणं धरून पाच. आप्पा त्या खुर्चीवर पाच फेऱ्यांइतका वेळ शेंगा सोलत बसले आणि परतताना गाडीत झोपले. पुढच्या चैत्रात ते गेले. पुन्हा कुठल्या पार्कात आपण त्यांना घेऊन गेलो नाही.

भाऊबीजेला ओवाळून झालं, फराळाच्या ताटल्या हातात आल्या, की मी हा विषय काढायचे. इशा म्हणायची, "झालं यांचं सुरू." तू पहिल्या वर्षी म्हणालास, "अगं, चाळीस माणसं होती तुमच्यापुढे."

"तीन होती."

"तीन असती तर मी काढलं असतं का आप्पांना? मी काय राक्षस आहे?"

दोन वर्षांनी तू पंचवीसवर आलास. दर वर्षी मी तुला थोडं खाली ओढत आणलं. बाजारात भाजीसाठी कधी घासाघीस केली नाही, पण या आकड्यासाठी केली. कारण आकडा पटला की बाकीचं तुला पटवावं लागणार नव्हतं. चाळीस माणसांसाठी बापाला रांगेतून काढलं तर तो नाइलाज. तीन माणसांसाठी काढलं तर त्याला दुसरं नाव आहे, आणि ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं मला.

दवाखान्यात भेटीची वेळ चार ते पाच होती. त्या दिवशी तू उशाला टेकून बसला होतास, हातात सुई, चेहऱ्यावर दाढीची खुंटं. मी काही बोलणार नव्हते. तूच म्हणालास, "दहा असतील गं."

"तीन, दादा."

"बरं, सात."

मी वाकून तुझ्या जवळ आले. मला वाटलं आज होणार. पण तू समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलंस. "पाच वाजले. जा आता, ती नर्स ओरडेल. उद्या बोलू."

मी गेले. बघ, तेव्हाही गेले. पहाटे वहिनींचा फोन आला. तू सातावर अडकून निघून गेलास आणि मधली चार माणसं माझ्याकडे ठेवून गेलास.

तरी हे सगळं मी गिळलं असतं. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी हरसूलकडची एक बाई आली नसती तर. पिशवीत नागलीचं पीठ घेऊन आली होती, वहिनींच्या समोर जमिनीवर बसली. नाशकात भाजी विकून संध्याकाळच्या गाडीने परत जाणारी. म्हणाली, "साहेब लय चांगले व्हते बाई. पाऊस असला का आमची भाजी लवकर खपत नाय. टोपली आवरून धावत यायचो तर गाडी उभीच. ड्रायव्हर बोंबलायचा, पण साहेब त्याला सांगायचे, 'त्या बाया आल्याबिगर सोडायची नाय.' दहा-दहा मिनटं, पंधरा मिनटं. आता कोण थांबवंल?"

तिला रडू आलं. वहिनीही रडायला लागल्या. मी उठून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले, कारण मला ओरडायचं होतं. थांबता येत होतं तुला! आम्ही समजत होतो की ते तुझ्यात नाहीच, जसं एखाद्याच्या गळ्यात गाणं नसतं. तुला ते चांगलं येत होतं आणि तू ते भर पावसात, ड्रायव्हरच्या शिव्या खाऊन करत होतास. त्या बायकांची गाडी चुकली असती तर त्या रात्रभर स्टँडवर बसल्या असत्या. आणि आप्पा काय, आप्पा कुठे जाणार होते? घरचं माणूस रागावलं तरी घरीच येतं, या खात्रीवर तू आम्हाला तीस वर्षं चालवलंस.

पुस्तिकेत फोटो हवेत म्हणून इशाने तुझी सहलींची फाइल काढली. सगळे कागद तारखेवार, भोकं पाडून लावलेले. घरी आल्यावर तू शेऱ्याचा रकाना भरायचास हे मला माहीत नव्हतं. 'लॉकरची किल्ली इशाकडे देऊ नये.' 'पाण्याच्या पार्कात जाताना लोणचं नको.' 'उपमा पुरला नाही.' आणि त्या दिवसाच्या कागदावर, झुकझुकगाडीच्या ओळीसमोर: 'ट्रेन आधी घ्यायला हवी होती. सकाळी रांग नसते.'

"बघ आत्या," इशा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बाबांच्या मनात होतं. बघ ना."

"यात आप्पा कुठे आहेत?" मी विचारलं. तिच्यावर चिडायला नको होतं मी.

पण दादा, ही माफी म्हणून मी घेणार नाही. लॉकरची किल्ली आणि उपमा यांच्या रांगेत बसलेली माफी मला नको. सहा वर्षं हे वाक्य तुझ्या फाइलमध्ये होतं आणि सहा भाऊबीजांना तू माझ्यासमोर चकली खात चाळीस आणि पंचवीस म्हणत होतास. तेच वाक्य फोनवर वाचून दाखवलं असतंस, तर मी सातावरसुद्धा सही केली असती.

आणि त्याच फाइलमध्ये आणखी एक ओळ सापडली, जी मी लिहू नये असं मला वाटत होतं. प्रत्येक कागदावर, दुपारी एक पाचला: 'आप्पा-नंदा यांच्याकडे: ६ मि.' ओल्या कपड्यांनी तू आमच्या बाकाशी यायचास. आमचा डबा, पाण्याची बाटली, आणि कुठल्या तरी पाळण्याची नक्कल. इशा कशी किंचाळली, वहिनींची चप्पल कशी वाहत गेली. आप्पा हसून हसून खोकायचे. मला वाटायचं तू असाच वाट वाकडी करून येतोस. ती सहा मिनिटं तू दोन आठवडे आधी पट्टीने रकाना आखून ठेवलेली असायची. मी त्या सहा मिनिटांची वाट बघायचे, पुस्तक उघडं ठेवून. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आणि सांगितलं नाही याचं आज बरं वाटतंय आणि वाईटही वाटतंय.

हे एवढं लिहून झाल्यावर काल दुपारी मी कागद वहिनींकडे नेले. त्या तुझे डेपोचे शर्ट घड्या घालून बाजूला ठेवत होत्या. चष्मा लावून, बोट ठेवून, सावकाश वाचलं त्यांनी. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या 'काढून टाका' म्हणाल्या असत्या तर मी 'बरं' म्हटलं असतं आणि तरीही छापलं असतं, इतकी मी ठाम होते. निदान तेव्हा तसं वाटत होतं.

"नंदाताई," त्यांनी कागद खाली ठेवले. "किती माणसं होती ते मला नाही आठवत. मी तेव्हा इशाबरोबर बाहेर होते."

"ठीक आहे, वहिनी."

"पण माझं एक राहिलंय यात. अकरा पार्क झाले आपले. प्रत्येक ठिकाणी संध्याकाळी सातला कारंज्याचा खेळ असतो. गाण्यावर पाणी नाचतं म्हणे, रंगीत दिवे. तिकिटावर चित्र असायचं ना? दर वेळी मी म्हणायची, अहो, एवढं कारंजं बघून निघू. 'घाटात गर्दी होते.' साडेपाच-सहाला गाडीत. अकरा पार्क, नंदाताई, आणि मी ते चित्रातच बघितलंय." त्यांचा आवाज चढत गेला. तू गेल्यापासून पहिल्यांदा. "लिहा हे. माझ्या नावानं लिहा. आणि पंचवीस मिनिटांत जेवण, तेही राहू द्या, काढू नका. डेपोतल्या माणसांना कळू दे पक्का माणूस म्हणजे काय ते."

मग त्या हसायला लागल्या आणि मीही. तुझा एक शर्ट त्यांच्या हातातच होता, त्यालाच त्यांनी डोळे पुसले.

म्हणून हा लेख दोघींचा आहे. तुझं वर्ष झालं, की आम्ही तिघी त्या तळ्याच्या पार्कात जाणार आहोत. दुसरा कुठलाही पार्क नाही. सकाळी दहाला दार उघडलं की सगळ्यात आधी झुकझुकगाडी. सकाळी रांग नसते, असं एका माहितगार माणसाने लिहून ठेवलं आहे. आणि निघायचं ते कारंजं संपल्यावर, घाटात किती का गर्दी असेना. मी हे टेबलावर पाठकोऱ्या कागदावर लिहिलं. पट्टी घेतली नाही.

इशाने कागद हातात घेऊन पाहिला. दोनच ओळी होत्या.

"आणि मधले नऊ तास?" तिने विचारलं.

मी वहिनींकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

"बसू की नुसत्या," वहिनी म्हणाल्या. "आता कोण उठवणार आहे?"